बंदूक कपाटात, ‘औषध’ कोनाड्यात : घरातल्या कुलपाच्या कायद्याचा इतिहास

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की ओपीडीत कोणीतरी हमखास विचारतं, “डॉक्टरसाहेब, तिकडे एवढ्याशा पोरांच्या हाती बंदूक येते तरी कशी?” बहुतेकांना वाटतं की तिथे बंदूक किराणा दुकानात मिळत असेल, किंवा ती पोरं गुंडांकडून विकत घेत असतील. खरं उत्तर जास्त साधं आहे, आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं आहे. बंदूक घरातूनच येते.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातल्या ४१ शालेय हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलांनी बंदूक वापरली होती, त्यांच्यापैकी सुमारे ७६ टक्क्यांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. त्यातल्या जवळपास निम्म्या घटनांमध्ये ती नीट बंदोबस्तात ठेवलेलीच नव्हती. म्हणजे कपाट उघडं, नाहीतर किल्ली कुठे असते ते पोराला पाठ.

‘हे आपलं दुखणं नाही’ असं म्हणून पान उलटू नका. घरातली जीवघेणी वस्तू आणि वयात येणारं मूल यांच्यामध्ये एक कुलूप असावं, हा विचार जगाला फार उशिरा सुचला. तो कसा सुचला, कुठे लागू पडला आणि कुठे अपुरा ठरला, हा इतिहास आपल्या दोंडाईच्याच्या घरांनाही लागू आहे. फक्त आपल्याकडे ती वस्तू बंदूक नाही.

आपला कायदा मुलांसाठी नव्हता

आधी आपल्या मुलखाचं बघू. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना सहजासहजी जुमानत नव्हते. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं होतं धरणगाव. पुढे १८५७ च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी इंग्रजांना जेरीस आणलं. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. हा इतिहास आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे.

या उठावाची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नाही. देशभर लोकांची हत्यारं काढून घेण्याचं सत्र सुरू झालं. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. बंदूक ठेवायची तर सरकारचा परवाना हवा, असं त्यात ठरलं. युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. त्या अपमानाची सल इतकी खोल होती की १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांची यादी केली, तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही तिच्यात घातला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत तो हक्क आला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याची चौकट कायम राहिली.

यातला एक मुद्दा लक्षात घ्या. हे सगळे कायदे एकच प्रश्न विचारत होते : बंदूक कोणाच्या हाती द्यायची? ती घरात गेल्यावर कुठे ठेवतात, घरात लहान मुलं आहेत का, हे विचारण्याचं कारणच नव्हतं. सरकारला भीती बंडाची होती, मुलाच्या जिवाची नव्हती. मुलांचा विचार आला तो वयाच्या अटीपुरता. १९५९ च्या कायद्यात ती अट १६ वर्षांची होती, १९८३ च्या दुरुस्तीने ती २१ झाली. म्हणजे एकविसाच्या आतल्या मुलाला परवाना नाही. पण बापाच्या परवान्याची बंदूक खुंटीवर टांगलेली असेल, तर त्या अटीचा काय उपयोग?

याचं उत्तर डिसेंबर २००७ मध्ये मिळालं. दिल्लीजवळच्या गुरगावात एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलाचा वर्गमित्रांनी गोळ्या झाडून जीव घेतला. पिस्तूल त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचं होतं. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातच, यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. शस्त्र पुन्हा वडिलांचंच, परवान्याचं. अशा घटना आपल्या देशात मोजक्या आहेत, कारण घरोघरी बंदुका नाहीत. पण जिथे बंदूक आहे, तिथे गोष्ट अमेरिकेसारखीच घडते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला प्रशिक्षण सांगितलं आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी मागितली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणं हा गुन्हा ठरवला. निवडणूक आली की परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे तुम्ही बघितलं असेल. त्यामागचा विचार अगदी डॉक्टरी आहे : डोकी तापायचे दिवस आहेत, तेवढे दिवस हत्यार हातापासून लांब असू द्या.

तरी परवाना आहे म्हणजे अपघात होणार नाही, असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. पहाटे घरातून निघण्याच्या तयारीत असताना ते हातातून पडलं आणि सुटलं. जाणत्या माणसाच्या हातून हे होतं, तर पोराचं काय? सातपुड्याच्या पलीकडून उमर्टी भागातून येणारे गावठी कट्टे आपल्याकडचे पोलीस वेळोवेळी पकडतात. त्यांना तर परवाना नाही, हमी नाही, आणि चुकून सुटू नये याची सोयही नाही. तो विषय पोलिसांचा. आपण घरातल्या कुलपाकडे वळू.

फ्लोरिडा, १९८९

बंदूक कशी ठेवता हे विचारणारा पहिला कायदा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९८९ मध्ये झाला. त्या उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत लागोपाठ काही लहान मुलांच्या हातून घरातल्या भरलेल्या पिस्तुलांच्या गोळ्या सुटल्या. मुलं मेली, जखमी झाली. प्रत्येक वेळी घरचे तेच सांगत होते : “त्याला माहीत आहे ते कुठे ठेवलंय, असं वाटलंच नव्हतं.” लोक चिडले आणि विधिमंडळाने कायदा केला. भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्यातून दुखापत किंवा मृत्यू झाला, तर मोठा माणूस दोषी.

पुढच्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांनी ही वाट धरली. १९९७ मध्ये असे कायदे केलेल्या १२ राज्यांचा आढावा निघाला. तिथे १५ वर्षांखालच्या मुलांचे बंदुकीच्या अपघाताने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसले. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात १४ ते १७ वयाच्या मुलांच्या आत्महत्या ८ टक्क्यांच्या आसपास कमी आढळल्या. २००५ मध्ये डॉक्टरांनी घरोघरच्या सवयी तपासल्या आणि चार गोष्टी उपयोगी ठरल्या : बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी. यातली प्रत्येक सवय मुलाचा धोका कमी करत होती.

“पण आम्ही पोराला समजावलंय की हात लावायचा नाही,” असं अनेक पालक म्हणतात. २००१ मध्ये एका दवाखान्यात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांवर एक प्रयोग झाला. मुलांना दोघा-तिघांच्या गटात एका खोलीत बसवलं. खणात खरंखुरं पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. पालकांना माहीत होतं, मुलांना नव्हतं. बहुतेक गटांना ते पंधरा मिनिटांत सापडलं, बहुतेकांनी ते हाताळलं, काहींनी चापही ओढला. ज्यांनी हात लावला त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना घरी किंवा शाळेत आधीच समज दिलेली होती. यात मुलांचा दोष नाही. उत्सुकता हा त्या वयाचा धर्म आहे. समज द्यावीच, पण समजेला कुलपाची जोड हवी.

तरी हे कायदे पुरे पडले नाहीत. याची कारणं दोन. एक, शिक्षा बहुधा घटना घडल्यावर होते, आधी कोणी घरात येऊन कपाट बघत नाही. दुसरं, तिथे बंदूक हा घटनेतला हक्क मानला जातो. राजधानी वॉशिंग्टनमध्ये घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची सक्ती होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली. २०२० साली तर अशी वेळ आली की अमेरिकेत १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरली. तोवर ते वाहन अपघात होतं.

मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी आणलं होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी पालक थेट तुरुंगात जाण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदाही लागू झाला.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना मारलं. काही आठवड्यांत सगळ्या राज्यांनी मिळून करार केला. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या. ज्या उरल्या त्यांच्यासाठी परवाना आणि कुलूपबंद साठवण सक्तीची केली. म्हणजे तिथे कुलूप एकटं नव्हतं. आधी घरातल्या बंदुका कमी केल्या, मग राहिलेल्यांना कुलूप लावलं. पुढे आपल्याला हेच आठवायचं आहे.

दहा मिनिटांचं गणित

आता जरा नाजूक विषय. बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुंड येतो. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणून डॉक्टर या कायद्यांकडे वळले.

पूर्वी वैद्यकातही समज होता की ज्याने जीव द्यायचं ठरवलं तो काही ना काही करून देणारच. एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल. हा समज इंग्लंडमध्ये मोडला, तोही कोणी ठरवून नव्हे. तिथे घराघरात स्वयंपाकाला कोळशापासून केलेला गॅस येत असे. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे आणि आत्महत्यांचं ते मोठं साधन झालं होतं. १९६० नंतर स्वस्त पडतो म्हणून आधी कमी विषारी आणि मग नैसर्गिक गॅस आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या झाल्या होत्या, १९७५ साली ३,६९३ झाल्या. त्या काळात बेकारी वाढत होती, माणसं काही जास्त सुखी झाली नव्हती. फक्त घरातलं सोपं साधन नाहीसं झालं होतं. काहींनी दुसरी वाट धरली असेल, पण बहुतेकांनी धरली नाही.

असं का होतं? कारण तो विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १३ ते ३४ वयाच्या, मरता मरता वाचलेल्या १५३ जणांना विचारलं की मनात ठरवणं आणि प्रत्यक्ष करणं यांत किती वेळ गेला. जवळपास एक चतुर्थांश लोक म्हणाले, पाच मिनिटांहूनही कमी. आणि अशा प्रसंगातून वाचलेल्या दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक देशांतल्या पाहणीत दिसलं आहे. ते जगतात, लग्नं करतात, नातवंडं खेळवतात.

इस्रायलच्या सैन्यात १८ ते २१ वयाचे तरुण आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना बंदूक बरोबर नेत. २००६ मध्ये ती तळावरच ठेवून जायचा नियम झाला. सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. कोणाचं दुःख कमी झालं नव्हतं. अंतर वाढलं होतं, एवढंच.

राग, अपमान, नापास झाल्याचा निकाल, मोबाइल काढून घेतल्याचा संताप, प्रेमातला नकार. कोवळ्या वयात हे सगळं फार मोठं वाटतं, कारण आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. त्या दहा मिनिटांत हाताशी काय आहे, यावर पुढची साठ वर्षं अवलंबून असतात.

आपल्या घरातली बंदूक

आता आपल्याकडे या. दोंडाईचा, शिंदखेडा, शहादा, शिरपूर हा सगळा कापूस, मिरची, केळी, पपईचा पट्टा. इथे किती घरांत बंदूक असेल? हाताच्या बोटांवर मोजता येईल. आणि किती घरांत, खळ्यात, शेतातल्या खोलीत फवारणीची बाटली असेल? तुम्हीच मोजा.

शब्द बघा. आपण तिला विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. पंपाने औषध मारतो, दुकानातून औषध आणतो, उरलेलं औषध कोनाड्यात ठेवतो. त्याच कोनाड्यात आजीची बीपीची गोळी आणि नातवाचं खोकल्याचं औषधही असतं. घरातल्या तीन वर्षांच्या लेकराला या दोन औषधांतला फरक कोणी सांगितला आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. सगळ्यांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. देशात विषाने झालेल्या सुमारे चौथा हिस्सा होत्या, आणि खेड्यात विष म्हणजे बहुतेक वेळा फवारणीचंच. अमेरिकेतल्या पोराला जशी बापाची बंदूक, तशी आपल्याकडच्या पोराला बापाची बाटली.

याही विषाच्या कायद्याला इतिहास आहे, आणि तोही मेलेल्या माणसांनी लिहिलेला. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशक मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बाटलीवर दिसणारा रंगीत चौकोन त्याच कायद्याच्या नियमांतला : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. २०१७ मध्ये आपल्याच राज्यात यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं द्रावणही बंदीच्या यादीत गेलं.

पण या कायद्याचा जोर कारखान्यावर आणि दुकानावर आहे. बाटली एकदा घरात आली की उरते फक्त लेबलवरची बारीक अक्षरातली ‘मुलांपासून दूर ठेवा’ ही सूचना. बंदुकीसाठी निदान लेखी हमी मागतात. इथे हमी मागणारं कोणी नाही. ती आपणच आपल्याला द्यायची.

कुलूप पुरतं का?

इथे मला तुम्हाला अर्धवट माहिती द्यायची नाही. श्रीलंकेत या प्रश्नावर फार मोठं काम झालं. तिथे १९९५ च्या सुमारास दर लाख लोकांमागे ४७ आत्महत्या होत, जगातल्या सर्वांत जास्त दरांपैकी एक. सरकारने १९९५ आणि १९९८ मध्ये सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. दहा वर्षांत तो दर जवळपास निम्म्यावर आला. शेतीचं उत्पन्न त्यामुळे बुडालं नाही.

मग संशोधकांनी कुलपाची परीक्षा घेतली. १८० गावांतल्या ५३ हजारांहून अधिक घरांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांतल्या शेतकरी कुटुंबांना कीटकनाशक ठेवायला कुलपाची पेटी दिली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : १४ वर्षांवरच्या लोकांमध्ये विष पिण्याच्या घटना पेटी दिलेल्या गावांत कमी झाल्या नाहीत.

का झालं असेल असं? किल्ली घरातच असते. ज्याच्या मनात वादळ आहे तो बऱ्याचदा त्या किल्लीचाच मालक असतो. पेटी हळूहळू उघडी राहू लागते. शेजारी आणि दुकान तर आहेच. ऑस्ट्रेलियाचा धडा इथे पुन्हा भेटतो : आधी घरातला घातक माल कमी करा, मग उरलेल्याला कुलूप लावा. नुसतं कुलूप चालत नाही. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न कुलपाइतकाच मोठा आहे.

तमिळनाडूत कट्टुमन्नारकोइल भागात दोन गावांनी वेगळा प्रयोग केला. गावात एक सामाईक कोठडी बांधली, तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याला लॉकर दिला आणि देखरेखीला माणूस नेमला. विष घरात नाहीच. लोकांनी ते आनंदाने स्वीकारलं आणि घटना कमी झाल्या. अभ्यास छोटा होता, पण दिशा दाखवणारा होता. आपल्याकडे दूध डेअरी, विकास सोसायटी आणि ग्रामपंचायत गावोगाव आहेत. एक खोली आणि वीस लॉकर काही अवघड नाहीत.

आज घरी जाऊन काय कराल?

१. उरवू नका. जेवढी फवारणी तेवढंच आणा. ‘पुढच्या वर्षी कामाला येईल’ म्हणून ठेवलेली अर्धी बाटली हाच सर्वांत मोठा धोका.

२. राहत्या घरात ठेवूच नका. शेतातल्या खोलीत, पेटीत, कुलपात ठेवा. किल्ली खुंटीला लावू नका, आणि घरात कोणी खूप उदास असेल, दारूच्या आहारी असेल तर किल्ली भावाकडे किंवा शेजारच्या विश्वासू माणसाकडे द्या.

३. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. रिकामा डबा धुऊन तेला-धान्याला वापरू नका.

४. कृषी दुकानात लाल चौकोनाऐवजी कमी विषारी पर्याय मागा. कृषी सहायकाला विचारा.

५. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलाला किल्लीची जागा माहीत नाही असं गृहीत धरू नका.

६. मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं म्हणू लागलं, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, “तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. आणि विचारण्याआधी घरातली बाटली हलवा.

७. टेली मानसचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस, मोफत, मराठीतही. लिहून ठेवा.

आणि कोणी विष घेतलंच, तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसह बरोबर आणा. कोणतं विष आहे ते कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असं करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं कायदा मानतो, त्याला गुन्हेगार म्हणून वागवत नाही.

बंदुकीच्या कायद्याला ‘ती कुठे ठेवली आहे’ हा प्रश्न विचारायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आपल्या खळ्यातल्या बाटलीबद्दल तो प्रश्न विचारायला कोणत्याही कायद्याची गरज नाही. आज संध्याकाळी विचारा.